साच्यातली कवळी, संगणकातली कवळी

कवळी करायची म्हटलं की हल्ली दवाखान्यात हमखास विचारतात: नेहमीची करायची की डिजिटल? दरात फरक असतो आणि तो सहसा डोळ्यांत भरण्याइतका असतो. पण या दोन शब्दांमागे नेमकं काय घडतं, हे खुर्चीत बसलेल्या आजोबांना किंवा सोबत आलेल्या मुलीला कोणी उलगडून सांगत नाही. ‘डिजिटल म्हणजे नवीन, आणि नवीन म्हणजे चांगली’ एवढाच अर्थ घरी पोचतो. खरं तर दोन्हींचा निम्मा रस्ता एकच आहे. माप घेऊन झालं की तिथून पुढे वाटा फुटतात. इथे बोलतो आहोत ते पूर्ण कवळीबद्दल, म्हणजे तोंडाचं बोळकं झालंय, एकही दात उरलेला नाही, अशा जबड्याबद्दल. दोन-चार दातांच्या काढता-घालता येणाऱ्या प्लेटचं गणित वेगळं असतं.

आधी कवळी तोंडात टिकते कशी ते पाहू, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. काचेच्या दोन पट्ट्या ओल्या करून एकमेकींवर ठेवल्या तर त्या सरळ वर उचलून सुटत नाहीत, सरकवाव्या लागतात. वरची कवळी टाळूला अशीच धरून राहते. मधला लाळेचा थर जितका पातळ आणि सलग, तितकी पकड पक्की. मात्र कडेने हवा शिरली की पकड गेली. म्हणून कवळीची कड गाल-ओठांच्या आतल्या घडीत नीट बसावी लागते, आणि मागच्या बाजूला जिथे कठीण टाळू संपून मऊ टाळू सुरू होतो तिथे ती किंचित रुतलेली लागते. वरच्या कवळीला टेकायला सरासरी २३ चौरस सेंटिमीटर जागा मिळते. खालच्या कवळीला मिळते जेमतेम १२, आणि त्यात मध्ये जीभ वळवळत असते. ‘वरची मस्त बसली, खालची मात्र हलते’ ही तक्रार घरोघरी ऐकू येते ती यामुळे.

दात गेल्यावर जबड्याचं हाड झिजत राहतं. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या, २५ वर्षं त्याच रुग्णांचा माग ठेवणाऱ्या अभ्यासात दिसलं की पुढच्या भागात खालचा जबडा वरच्याच्या साधारण चौपट झिजतो. कवळी कुठल्याही पद्धतीने केली तरी तिच्याखालची जमीन हळूहळू खचत असते, आणि दर काही वर्षांनी आतून नवं अस्तर द्यावं लागतं किंवा कवळीच नवी करावी लागते.

नेहमीची कवळी: पाच फेऱ्या आणि एक शिजवण

पहिल्या फेरीत ढोबळ माप घेतात. गरम पाण्यात मऊ केलेलं तपकिरी कम्पाउंड किंवा अल्जिनेट ट्रेमध्ये भरून तोंडात दाबतात. अल्जिनेट बहुतांशी पाणीच असतं, त्यामुळे ते उघडं राहिलं तर सुकून आकसतं. माप काढल्यावर लगेच, फार तर १५ मिनिटांत, त्यात प्लास्टर ओतायला हवं. ‘संध्याकाळी ओततो’ म्हणून टेबलावर ठेवलेलं माप संध्याकाळपर्यंत दुसऱ्याच कोणाच्या जबड्याचं झालेलं असतं.

त्या ढोबळ मॉडेलवर फक्त त्या रुग्णापुरता एक ट्रे बनवतात, आणि दुसऱ्या फेरीत खरं माप घेतात. ट्रेच्या कडेला हिरव्या कांडीचं कम्पाउंड ज्योतीवर मऊ करून थोडंथोडं लावायचं, तोंडात घालून रुग्णाला गाल आत ओढायला, ओठ पुढे काढायला, जीभ बाहेर काढायला, ‘आऽ’ म्हणायला लावायचं. स्नायू हलतात आणि कड आपोआप घडते. मग आत झिंक ऑक्साइड-युजेनॉलची पातळ पेस्ट पसरून शेवटचं माप. लवंगेचा वास येतो तो या पेस्टचा. युजेनॉल हा लवंगेच्या तेलातला मुख्य घटक. कवळीच्या घट्टपणाचा मोठा वाटा या अर्ध्या-पाऊण तासात ठरतो. हे काम पाच मिनिटांत आटोपलं असेल, तर पुढे लॅबने कितीही चांगलं काम केलं तरी कवळी सैलच निघायची.

तिसऱ्या फेरीत दोन जबड्यांमधलं नातं मोजतात, म्हणजे तोंड मिटल्यावर खालचा जबडा कुठे आणि किती उंचीवर थांबतो ते. मेणाच्या पट्ट्या बसवलेल्या प्लेटा तोंडात घालतात, नाकाच्या शेंड्यावर आणि हनुवटीवर एकेक टिंब काढून अंतर मोजतात. जबडा निवांत असताना जे अंतर येतं, त्यापेक्षा दात मिटल्यावरचं अंतर २ ते ४ मिलिमीटरने कमी यायला हवं. हा फरक राखला नाही आणि उंची जास्त झाली, तर बोलताना दात टकटक वाजतात, जबडा दुखतो, सगळीच हिरडी हुळहुळते. उंची कमी झाली तर हनुवटी नाकाकडे येते, चेहरा आहे त्याहून म्हातारा दिसतो आणि ओठांचे कोपरे चिरत राहतात. पडताळ्यासाठी रुग्णाला आकडे मोजायला लावतात. मराठीने इथे चांगली सोय करून ठेवली आहे: एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट करत एकोणसत्तरपर्यंत जायचं. प्रत्येक आकड्यात ‘स’ किंवा ‘ष’ येतो, आणि तो उच्चारताना वरचे-खालचे दात अगदी जवळ येतात पण टेकत नाहीत. टेकले, तर उंची जास्त झाली.

चौथी फेरी ट्रायलची. दात मेणात रचलेले असतात. ही फेरी नेहमीच्या पद्धतीचं मोठं बलस्थान आहे, आणि तिचं कौतुक कमी होतं. रुग्ण आरशात पाहतो, सोबतची मंडळी पाहतात, ‘पुढचे दोन जरा बाहेर आलेत’ किंवा ‘यांचा एक दात थोडा वाकडा होता, तसा ठेवा’ म्हणतात. डॉक्टर सुरी गरम करतात, मेण मऊ करतात, दात अर्धा मिलिमीटर आत ढकलतात, पुन्हा दाखवतात. दोन मिनिटांचं काम. संगणकात हे इतकं सहज जमत नाही, त्याकडे पुढे येऊ.

मेणाचा वाईट गुण म्हणजे ते उन्हात मऊ होतं. मे महिन्यात अकोल्याहून नागपूरच्या लॅबकडे कुरिअरने गेलेला मेणाचा बाइट (दोन जबड्यांचं नातं टिपलेला मेणाचा ठसा) पेटीत थोडा जरी वाकला, तरी पुढचे सगळे दात चुकीच्या जागी लागतात आणि चूक सापडते थेट ट्रायलला.

ट्रायल पसंत पडली की खरं परिवर्तन लॅबमध्ये होतं. मेणाची कवळी पितळी फ्लास्कमध्ये, म्हणजे दोन भागांच्या डबीत, प्लास्टरच्या दोन थरांत पुरतात. गरम पाण्याने मेण वितळवून धुऊन टाकतात. दात प्लास्टरमध्ये अडकून राहतात आणि मेणाच्या जागी पोकळी उरते. या पोकळीत अॅक्रिलिक, म्हणजे कवळीचं गुलाबी प्लास्टिक, भरायचं. तीन भाग पावडर, एक भाग द्रव, हे मोजमाप आकारमानाने. मिश्रण आधी ओल्या वाळूसारखं दिसतं, मग बोटाला तारा सुटतात, आणि मग ते मळलेल्या कणकेसारखं होऊन भांड्याची कड सोडतं. भरायची वेळ हीच. तारा सुटत असताना भरलं तर आत पोकळ्या राहतात. कणकेची अवस्था उलटून रबरासारखं झाल्यावर भरलं तर प्रेसखाली ते कोपऱ्यांत शिरत नाही आणि दात जागचे हलतात. उन्हाळ्यात ही अवस्था लवकर येते आणि लवकर जाते.

मग फ्लास्क प्रेसमध्ये आवळून पाण्यात शिजवतात: ७४ अंशांवर ८ तास, किंवा ७४ अंशांवर दीड-दोन तास आणि नंतर १०० अंशांवर १ तास. घाई करून सुरुवातीलाच पाणी उकळलं की घोटाळा होतो. मिश्रणातला द्रव, म्हणजे मोनोमर, १०० अंशांच्या किंचित वर उकळतो, आणि घट्ट होताना अॅक्रिलिक स्वतःची उष्णताही सोडतं. दोन्ही मिळून आतलं तापमान उकळबिंदूपलीकडे जातं, मोनोमरची वाफ होते, आणि कवळीच्या जाड भागांत बारीक बुडबुडे अडकतात. वरून दिसत नाहीत, पण तिथेच पुढे तडा जातो आणि तिथेच वास धरतो. शिजून झाल्यावर फ्लास्क अर्धा तास आपोआप निवू द्यावा लागतो, मग १५ मिनिटं नळाच्या पाण्याखाली. गरमागरम फ्लास्क थंड पाण्यात टाकला तर कवळी वाकते.

एवढी काळजी घेऊनही एक गोष्ट टळत नाही: अॅक्रिलिक आकसतं. नुसता मोनोमर घट्ट झाला तर आकारमानात २१ टक्के आकसेल. पावडर मिसळल्यामुळे ते ७ टक्क्यांच्या आसपास येतं. प्लास्टरच्या साच्यात जखडलेलं असल्याने लांबीतला फरक टक्क्याच्याही काही अंशांवर राहतो, पण तो सगळीकडे सारखा पडत नाही. वरच्या कवळीत दोन्ही बाजू आत ओढल्या जातात आणि टाळूच्या मागच्या मध्यावर कवळी उचलली जाते, नेमकी जिथे हवाबंद कड हवी तिथे. म्हणूनच अनुभवी माणूस मॉडेलवर त्या जागी एक ते दीड मिलिमीटर खोल खरवडून ठेवतो, म्हणजे उचलली गेलेली कवळीही टाळूला टेकते. शिजताना दातही अंशभर सरकतात. कवळी मॉडेलसकट पुन्हा आर्टिक्युलेटरवर, म्हणजे जबड्याच्या हालचालीची नक्कल करणाऱ्या यंत्रावर, चढवली की पुढची पिन टेबलापासून वर उचललेली दिसते. तेवढी उंची दातांवर घासून परत खाली आणायची असते. बऱ्याच लॅबा ही पायरी गाळतात आणि ते घासणं मग रुग्णाच्या तोंडात होतं.

पाचव्या फेरीत कवळी हाती येते.

डिजिटल म्हणजे नेमकं काय डिजिटल?

कल्पना तशी जुनी आहे. १९९४ साली ओसाकाच्या संशोधकांनी लेझरने थर घट्ट करत पूर्ण कवळी करता येते हे दाखवून दिलं. दवाखान्यांपर्यंत यायला मात्र पुढची पंधरा-वीस वर्षं गेली.

‘डिजिटल कवळी’ या एका नावाखाली तीन वेगवेगळी कामं येतात: माप स्कॅनरने घेणं, रचना संगणकावर करणं, आणि कवळी यंत्राने घडवणं. तिन्ही असलीच पाहिजेत असं नाही. बहुतेक ठिकाणी पहिलं नसतंच. माप तेच, हिरव्या कांडीचं आणि पेस्टचं. फक्त ते प्लास्टरमध्ये ओतण्याऐवजी टेबलावरच्या स्कॅनरमध्ये ठेवून त्याची फाइल करतात. याला कोणी कमी लेखू नये. उलट, आजच्या घडीला हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

कारण असं. तोंडात फिरवायचा स्कॅनर छोटे छोटे फोटो घेतो आणि एकाला एक जोडत जातो. जोडायला त्याला खुणा लागतात. दात असले की खुणाच खुणा. बोळक्या तोंडात आहे काय, तर गुळगुळीत, ओली, चकाकणारी हिरडी. टाळूच्या पुढच्या भागातल्या वळ्यांवर त्याला पकड मिळते, मागे गेला की तो भांबावतो. खालच्या जबड्यात तर जीभ मध्ये येते, लाळ साचते, आणि जिभेखालची कातडी प्रत्येक गिळण्याला वर-खाली होते. शिवाय स्कॅनर फक्त पाहतो, दाबत नाही. गाल हलवल्यावर कड कुठे थांबायला हवी हे त्याला नुसतं पाहून कळणं कठीण. वरच्या जबड्याचं स्कॅन चांगलं हाड असेल तर जमतं. झिजलेल्या खालच्या जबड्यात बहुधा परत ट्रेकडेच यावं लागतं.

जाहिरातीत ‘काही मायक्रॉनची अचूकता’ लिहिलेली असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. हिरडी बोटाने दाबली की या मापाच्या कित्येक पट आत जाते. त्यामुळे स्कॅनर कितीही बारीक मोजत असला तरी ‘कोणत्या अवस्थेतली हिरडी मोजली’ हा प्रश्न मोठा उरतो. याची उलट बाजूही आहे. पुढची हिरडी लोंबती, हलणारी झालेली असेल तर ट्रेने ती दाबली जाते आणि कवळी नंतर स्प्रिंगसारखी उसळते. तिथे न दाबता पाहणारा स्कॅनर कामाला येतो. ट्रे पाहताच उमासे येणाऱ्यांनाही त्याचा आराम वाटतो. गुटखा-सुपारीमुळे तोंड उघडणं कमी झालेल्या रुग्णांची संख्या आपल्याकडे थोडीथोडकी नाही. त्यांच्या तोंडात अख्खा ट्रे घालण्यापेक्षा स्कॅनरचं टोक घालणं सोपं जातं, अर्थात ते टोक जाईल एवढं तोंड उघडत असेल तर.

जबड्यांचं नातं मोजण्याची फेरी डिजिटलमध्येही टळत नाही. टिंबं, मेण, एकसष्ट-बासष्ट, सगळं तेच. फक्त मिळालेला बाइट स्कॅन होतो. जुनी कवळी ठीक बसत असेल आणि उंची बरोबर असेल, तर एक मोठी सोय होते: जुन्या कवळीतच आत पेस्ट भरून माप घ्यायचं, ती सगळ्या बाजूंनी स्कॅन करायची, आणि माप, उंची, दातांची ठेवण या तिन्ही गोष्टी एकाच फेरीत मिळवायच्या. पाच फेऱ्यांच्या तीन, कधी दोन होतात त्या अशाच. जुनी कवळीच नसेल किंवा ती मुळात चुकलेली असेल, तर ही बचत मिळत नाही.

संगणकावर टेक्निशियन मॉडेलवर खुणा करतो, सॉफ्टवेअर दातांच्या साठ्यातून एक संच रचून देतं, आणि मग तो हाताने सुधारायचा असतो. सॉफ्टवेअरने मांडलेली रचना जशीच्या तशी पाठवून दिली की सगळ्या रुग्णांचं हसू एकसारखं, सरळ रेषेतलं दिसू लागतं. पन्नाशीपुढच्या चेहऱ्यावर ते ओळखू येतं.

ट्रायलसाठी पूर्ण कवळी एकाच पांढऱ्या रेझिनमध्ये (प्रकाशाने घट्ट होणाऱ्या द्रव प्लास्टिकमध्ये) छापून तोंडात घालतात. ती मेणापेक्षा मजबूत असते, वाकत नाही, रुग्ण ती घालून घोटभर पाणी पिऊ शकतो, दहा मिनिटं गप्पा मारू शकतो. पण दात सरकवता येत नाही. घासून कमी करता येतो, मेण लावून थोडा वाढवता येतो. जागा बदलायची तर फाइलमध्ये बदल, पुन्हा छपाई आणि पुन्हा एक फेरी. घाईत ही ट्रायलच गाळली जाते आणि ‘दोन फेऱ्यांत कवळी’ असं सांगितलं जातं. गाळू देऊ नका.

कोरलेली आणि छापलेली

इथे बहुतेकांची गल्लत होते. डिजिटल कवळ्या दोन जातींच्या, आणि दोघींचा स्वभाव बराच वेगळा.

कोरलेली, म्हणजे मिल्ड. अॅक्रिलिकची जाड गुलाबी चकती कारखान्यात मोठ्या दाबाखाली आणि उष्णतेखाली आधीच पूर्ण घट्ट केलेली असते. जे आकसायचं ते तिथेच आकसून झालेलं असतं. पाच दिशांनी वळणारं यंत्र त्यातून कवळी कोरून काढतं. त्यामुळे वर सांगितलेला टाळूच्या मागचा उचललेपणा इथे नसतो आणि कवळी मापाबरहुकूम उतरते. आत अडकलेला मोनोमर कमी, बुडबुडे जवळजवळ नाहीत, पृष्ठभाग दाट. ज्यांची हिरडी अॅक्रिलिकने चुरचुरते किंवा जे कवळ्या वारंवार मोडतात त्यांना याचा खरा फायदा. पण माल वाया किती जातो पाहा: ९८ मिलिमीटर व्यासाची, ३० मिलिमीटर जाडीची चकती म्हणजे साधारण २२५ घन सेंटिमीटर, वजनाने पाव किलोच्या थोडी वर. त्यातून कवळीचा गुलाबी भाग निघतो जेमतेम १५-२० ग्रॅमचा. बाकी सगळा भुसा नाहीतर भंगार. किंमत वाढते ती यामुळे आणि यंत्राच्या भांडवलामुळे.

कोरलेल्या कवळीत दात बहुधा वेगळे घडवून गुलाबी भागातल्या खोबणीत चिकटवतात. कोरणाऱ्या ड्रिलचं टोक गोल असतं, त्यामुळे अगदी धारदार कोपरे खोबणीत येत नाहीत. म्हणून थोडी फट राखावी लागते आणि ती चिकटवणाऱ्या अॅक्रिलिकने भरते. दात खोबणीत पूर्ण बसण्याआधीच चिकट द्रव घट्ट झाला, की तो दात उंच राहतो. दोन रंगांच्या चकतीही मिळतात, आत दाताचा रंग आणि बाहेर गुलाबी. त्यात चिकटवणंच नाही, पण ठेवणीचं स्वातंत्र्य कमी.

छापलेली, म्हणजे प्रिंटेड. द्रव रेझिनच्या टबात प्रकाश पाडून एकेक थर घट्ट करतात. थर ५० किंवा १०० मायक्रॉनचा. ५० मिलिमीटर उंचीची, तिरकी उभी केलेली कवळी १०० मायक्रॉनने छापायची तर ५०० थर झाले. भुसा नाही, एकाच वेळी तीन-चार कवळ्या निघतात, मालाचा खर्च कमी. पण छपाई यंत्राने संपवली म्हणून कवळी तयार झाली असं नाही, आणि नेमकं इथेच पाणी मुरतं.

टबात ओतण्याआधी बाटली नीट घुसळली नाही तर रंग तळाशी बसलेला राहतो आणि कवळी फिकट निघते. छापताना लागणारे आधारखांब हिरडीकडच्या बाजूला लावले तर तिथे पुळ्या राहतात, त्या घासताना माप बिघडतं. बाहेर काढल्यावर ती आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुवायची. कमी धुतली तर खोलगट जागी कच्चं रेझिन राहतं, अल्कोहोलात विसरली तर पृष्ठभाग मऊ पडून तडे जातात. पूर्ण वाळल्यावर अतिनील प्रकाशाच्या पेटीत पक्की करायची. हवेतला ऑक्सिजन वरचा थर घट्ट होऊ देत नाही, म्हणून काही रेझिनसाठी ही पायरी ग्लिसरिनमध्ये बुडवून करतात. पेटीतली मिनिटं रेझिनच्या कंपनीने सांगितलेलीच लागतात. यंत्र एका कंपनीचं, रेझिन दुसऱ्याचं, वेळ अंदाजाने, असं झालं की कवळी दिसायला छान पण आतून कच्ची राहते. नवी छापलेली कवळी चिकट लागत असेल किंवा तिला तिखट रासायनिक वास येत असेल, तर ती घालू नका, परत द्या. कच्च्या रेझिनने काहींना चांगलीच अॅलर्जी होते. लॅबमध्ये ते हातमोजे घालूनच हाताळतात.

मजबुतीसाठी आंतरराष्ट्रीय मानक उष्णतेने घट्ट केलेल्या बेसकडून, म्हणजे कवळीच्या गुलाबी भागाकडून, वाकताना किमान ६५ मेगापास्कल ताकद मागतं. चांगली शिजवलेली नेहमीची कवळी ते गाठते, कोरलेली सहसा त्याच्या बरीच पुढे जाते. छापलेलीत नीट पक्क्या केलेल्या चांगल्या रेझिनचं उत्तर बरं येतं, हलगर्जीने केलेलीचं येत नाही, आणि बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. चहा, हळद, तंबाखूचे डागही छापलेल्या दातांवर लवकर चढतात. आमच्या मते छापलेली कवळी आज ट्रायलसाठी, तात्पुरत्या वापरासाठी आणि जोडीची दुसरी कवळी म्हणून उत्तम. वर्षानुवर्षं रोज भाकरी खायची असेल तर कोरलेली किंवा नीट शिजवलेली नेहमीची बरी.

दुरुस्तीचा मुद्दा विकत घेताना कोणाच्या मनात येत नाही. कवळी बेसिनमध्ये पडून दोन तुकडे झाले, तर नेहमीची आणि कोरलेली दोन्ही अॅक्रिलिकच्याच, त्यामुळे कोणत्याही लॅबमध्ये तासाभरात जोडून मिळते. छापलेलीचं रसायन वेगळं असतं. नेहमीचं जोडणारं अॅक्रिलिक तिला तितकं घट्ट धरत नाही. पृष्ठभाग खरबरीत करून, तिला चालणारं रेझिन वापरून जोडावी लागते. अस्तर देतानाही तेच. गावाकडे राहणाऱ्या माणसाने हे आधी विचारून घ्यावं.

मग कोणती घ्यावी?

पहिलीच कवळी असेल, दातांच्या ठेवणीबद्दल मनात बऱ्याच सूचना असतील, फेऱ्या मारायला अडचण नसेल, तर नेहमीच्या पद्धतीत काहीही कमी नाही. दंत महाविद्यालयांत ती अजूनही पायरी न गाळता शिकवली आणि केली जाते. मुंबईचं शासकीय दंत महाविद्यालय आणि नायर, नागपूरचं शासकीय महाविद्यालय, बांबोळीचं गोवा डेंटल कॉलेज अशा ठिकाणी वेळ जास्त लागतो, पण विद्यार्थ्याच्या प्रत्येक पायरीवर शिक्षकाची नजर असते. घाईत केलेल्या महागड्या कवळीपेक्षा ती अनेकदा सरस निघते.

चालत्या कवळीची नक्कल हवी असेल, रुग्णाला वारंवार आणणं जिकिरीचं असेल, कवळ्या मोडण्याचा किंवा हरवण्याचा इतिहास असेल, तर कोरलेली डिजिटल पैसे वसूल करते. खालचा जबडा पार झिजलेला असेल तर मात्र हा वादच गौण आहे. तिथे दोन इम्प्लांट (हाडात बसवायचे स्क्रू) बसवून त्यांवर खालची कवळी बटणासारखी अडकवणं हाच कामाचा इलाज. २००२ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी तर खालच्या जबड्यासाठी तीच पहिल्या पसंतीची पद्धत ठरवली.

दवाखान्यात विचारायचे प्रश्न थोडेच आहेत. माप ट्रेने घेणार की स्कॅनरने, आणि कड हलवून घडवणार का? कवळी कोरणार की छापणार? ट्रायल आहे ना? कवळी दिल्यावर किती वेळा घासून द्याल? शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण कोणत्याही पद्धतीच्या कवळीला दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याभराने पाहावंच लागतं. दुखतं म्हणून कवळी काढून ठेवून आठवड्याने येऊ नका. तपासणीच्या आदल्या रात्री झोपताना काढा, पण सकाळी घालूनच या. लाल झालेली जागा दिसली तरच नेमकं तेवढंच घासता येतं.

डिजिटल करणार असाल तर अंतिम रचनेची फाइल मागून घ्या. ती एसटीएल नावाच्या प्रकारात असते, पेनड्राइव्हवर मावते आणि ई-मेलने जाते. पैसे देण्याआधीच मागितलेली बरी, नंतर ‘लॅबकडे असेल’ असं उत्तर येतं. आई-बाबा मुलाकडे न्यू जर्सीला सहा महिने गेले आणि कवळी तिथे फुटली, तर तिथल्या लॅबला ती फाइल पाठवून तशीच दुसरी करून घेता येते. मात्र फाइल जितकी जुनी तितकं हाड पुढे झिजलेलं असतं. चार-पाच वर्षांपूर्वीच्या फाइलवरून केलेली कवळी चार-पाच वर्षांपूर्वीच्या तोंडालाच बसेल, आणि तिला आतून अस्तर द्यावं लागेल.